भामरागड तालुक्यातली आश्रमशाळा: प्रभार घेतल्यापासून निकालापर्यंत

दोन आठवड्यांपूर्वी मी मुख्याध्यापकपदाचा प्रभार सोपवला. त्याच सुमाराला एका शिक्षिकेचा फोन आला. आमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका आश्रमशाळेत पद रिक्त झालंय आणि सेवाज्येष्ठतेनं प्रभार तिच्याकडे येतोय. "मॅडम, तुम्ही शाळा चालवली कशी?" एवढंच तिनं विचारलं आणि गप्प झाली. त्या गप्प बसण्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. फोनवर तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून जून २०१९ ते जुलै २०२० हे वर्ष जसं गेलं तसं इथे लिहिते. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ती माणसं तिथेच राहतात.

१ मे २०१९ ला सकाळी झेंडावंदन झालं, आम्ही निकालपत्रकं वाटली आणि मुलं सुट्टीवर गेली. त्याच दुपारी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. कुरखेडा आमच्या गडचिरोली जिल्ह्याच्या पार उत्तरेला, आमच्यापासून बरंच लांब. पण गडचिरोलीत एका टोकाला काही घडलं की दुसऱ्या टोकाची एसटी थांबते. आमचे मुख्याध्यापक ३१ मे ला निवृत्त झाले आणि १ जूनपासून प्रभार माझ्याकडे आला. माझी नऊ वर्षांची मुलगी चंद्रपूरला आईकडे असते. आईनं फोनवर विचारलं, "नाही म्हणता येत नाही का?" येत होतं. पण नाही म्हटलं असतं तर कुणाच्या गळ्यात पडलं असतं तेही दिसत होतं.

प्रभार यादीवर सही करायला आम्हाला तीन दिवस लागले. पलंग, गाद्या, मच्छरदाण्या, पातेली, सौर दिवे, जनरल रजिस्टर (मुलांच्या नावांची मुख्य नोंदवही), कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), सगळं हातानं मोजलं. ज्या वस्तू मोजणीत सापडल्या नाहीत त्यांच्यापुढे यादीतच "प्रत्यक्षात आढळले नाही" असं लिहून मग सही केली. सरांना त्याचा राग आला नाही, उलट त्यांनीच तसं करायला सांगितलं. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा कडुनिंबाला टांगलेला आहे. "पहाटे पाचची घंटा चुकवू नका. आजूबाजूच्या चार गावांत ऐकू जाते. ऐकू आली की आईबापाला कळतं, आत सगळं ठीक आहे."

जूनचं खरं काम म्हणजे धान्य. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. आलापल्लीहून तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाल्यामागून नाले आहेत. पावसाळ्यात एक नाला चढला तरी पलीकडचा सगळा पट्टा तुटतो. म्हणून नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याचं धान्य आधीच पोचवून ठेवतात. शाळेनंही तसंच करायचं असतं, पण त्यासाठी मागे लागावं लागतं. आमच्या पटावर २८६ मुलं. दिवसाला साधारण सव्वा क्विंटल तांदूळ लागतो. मी ४ जूनला तीन महिन्यांची मागणी लेखी दिली आणि त्यासाठी कार्यालयात तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला पूर्ण दिवस जायचा. सकाळी फाट्यापर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर, तिथून एसटी, परत येताना मिळेल ते वाहन. २४ जूनला ट्रक आला तो ६० क्विंटल घेऊन. उरलेला तांदूळ फाट्यावर उतरवून ठेवला होता. पुढचा कच्चा रस्ता भिजलाय, पूर्ण भरलेली गाडी आत घालणार नाही, असं चालकाचं म्हणणं. गावातला ट्रॅक्टर लावून तो आणला, ४,५०० रुपये मी दिले. ते बिल फेब्रुवारीत मंजूर झालं. ट्रॅक्टरवाल्याची सही असलेली पावती आणि गावच्या दोन माणसांचा पंचनामा जोडला होता म्हणूनच झालं. कागद त्याच दिवशी करा. महिन्याभरानं ट्रॅक्टरवाला सापडतो, पण त्याला तारीख आठवत नाही.

विदर्भात तेव्हा शाळा २६ जूनला उघडायच्या. पहिल्या दिवशी ४१ मुलं होती. पेरणी सुरू झालेली, आणि वर्तमानपत्र न वाचताही मे महिन्यातली बातमी गावोगाव पोचलेली. वसतिगृहाच्या अधीक्षिका, एक कामाठी बाई (मदतनीस) आणि मी अशा तिघी गावं फिरलो. १९ गावं, बहुतेक पायी. कामाठी बाई माडिया आदिवासी, मला माडिया भाषा जेमतेम कळते, त्यामुळे बोलायच्या त्याच. कुठल्याही गावात शिरलं की आधी गावपाटलाकडे जायचं, जोहार करायचा, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग मुलांचा विषय काढायचा. थेट घरात जाऊन "मुलाला पाठवा" म्हटलं की लोक हो म्हणतात आणि पाठवत नाहीत. २० जुलैपर्यंत हजेरी २३८ वर गेली.

मग २८ जुलै आला. २८ जुलै ते ३ ऑगस्ट नक्षल्यांचा शहीद सप्ताह आणि २ ते ८ डिसेंबर पीएलजीए, म्हणजे त्यांच्या सशस्त्र दलाचा सप्ताह. या तारखा तिकडच्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असायच्या. एसटी आत यायची नाही, आठवडी बाजार भरायचा नाही, रस्त्यावर झाडं पाडून टाकायचे, फाट्यावर लाल कापड लागायचं. त्या आठवड्यात मी कुणालाही रजेवर सोडलं नाही आणि कुणाला बाहेरही पाठवलं नाही. तेल, मीठ, डाळ आणि तापाच्या गोळ्या २५ तारखेपर्यंत भरून ठेवल्या. ३० जुलैला सकाळी कुंपणाच्या तारेला एक पत्रक अडकवलेलं दिसलं. शाळेबद्दल त्यात काही नव्हतं, बंदचं आवाहन होतं. माझे हात गार पडले होते. मी ते फाडलं नाही, फोटो काढला नाही, कुणाला पाठवलंही नाही. मुलांना मागच्या दारानं वर्गात नेलं आणि वरिष्ठांना त्याच दिवसाच्या तारखेचं पत्र लिहून ठेवलं. दुपारच्या पावसात पत्रक विरघळून गेलं.

तेव्हाच सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून एक गोष्ट ठरवली: शाळेत कोण आलं, शाळेवरून कोण गेलं, हे कुणीही विचारलं तरी आपण फक्त मुलांबद्दल बोलायचं. पोलिसांनी विचारलं तरी, जंगलातल्यांनी विचारलं तरी. आमचे स्वयंपाकी त्याच गावचे. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आम्ही असंच जगतो."

सप्टेंबरात पाणी आलं. त्या पावसाळ्यात भामरागड कितीदा तुटलं हे मोजणं आम्ही सोडून दिलं होतं, पण सप्टेंबरच्या सुरुवातीचा पूर मोठा होता. पर्लकोटेचा पूल बुडाला आणि गावात पाणी शिरलं. आमची शाळा उंचावर, पण दोन्ही बाजूंचे नाले चढले आणि आम्ही अकरा दिवस आतच. आठव्या दिवशी डाळ संपली. गावच्या बायका टोपल्यांतून वास्ते आणि रानभाजी घेऊन आल्या. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. स्वयंपाकघरात बसून त्यांनीच ते चिरून दिले. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. त्या अकरा दिवसांत ना फोन होता ना वीज. वर्ग मात्र रोज झाले. मोठ्या मुलांना गणितासाठी तांदळाचाच हिशेब दिला. किती उरला, किती दिवस पुरेल, ते रोज फळ्यावर लिहायचे. त्यामुळे मुलं घाबरतील असं एका सरांना वाटत होतं. माझा अनुभव उलट आहे. आकडा डोळ्यांसमोर होता म्हणून कुजबुज थांबली.

त्याच महिन्यातली एक संध्याकाळ अजून टोचते. मुसळधार पावसात गस्तीवरची तुकडी आली, तीसेक जण, ओलेचिंब. त्यांचा अधिकारी पोरगेलासा होता. रात्रीपुरता व्हरांडा मागत होता. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगड सरकारला शाळांमधून सुरक्षा दलं हलवायला सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. पण त्या पावसात त्याला निकाल ऐकवावासा वाटला नाही. म्हटलं, "साहेब, आत अडीचशे मुलं झोपणार आहेत. तुम्ही इथे थांबलात तर उद्या निम्मी घरी जातील आणि परवा दुसरे कुणीतरी विचारायला येतील." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरोबर आहे मॅडम." आम्ही त्यांना गरम पाणी दिलं, ते प्यायले आणि पुढे गेले. त्यांच्यात एकाच्या पायाला भलामोठा फोड आला होता. मला रात्रभर झोप लागली नाही. तरीही पुन्हा तीच वेळ आली तर मी हेच सांगेन. तुम्हालाही सांगावं लागेल, आणि दोन्ही बाजूंना सारखंच सांगावं लागेल. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं केलं की शाळा कुणाची तरी होऊन जाते. त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात घटनेचं चार ओळींचं टिपण लिहून जावक क्रमांक टाकला.

२१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. आमची शाळा मतदान केंद्र, आणि नऊपैकी सहा शिक्षकांना निवडणुकीचे आदेश. आमच्या जिल्ह्यात बऱ्याच पथकांना हेलिकॉप्टरनं नेतात, त्यामुळे शिक्षक चार-पाच दिवस आधीच जातात. उरलेल्या तीन शिक्षकांच्या भरवशावर वसतिगृह चालत नाही. मी २५ सप्टेंबरला लेखी विनंती केली: अधीक्षक आणि अधीक्षिका यांना वगळावं, आणि मुलांना १७ ऑक्टोबरपासून दिवाळीच्या सुट्टीवर सोडायची परवानगी द्यावी. पहिल्या मागणीला हो आलं. दुसरीला १५ तारखेपर्यंत उत्तरच नाही. फोनवर "तुमच्या पातळीवर बघा" असं सांगितलं. इथे मी एक शिकले. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी पत्र लिहायचं: "आजच्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार पुढीलप्रमाणे कार्यवाही करत आहे." त्यावर आवक क्रमांक घ्यायचा, आणि पोच मिळेपर्यंत कार्यालयाच्या टेबलासमोरून हलायचं नाही. पुढे वर्षभर अशी अकरा पत्रं झाली. एकदाही मला कुणी जाब विचारला नाही. मतदान दुपारी तीनला शांततेत संपलं. जी ५२ मुलं घरी जाऊ शकली नव्हती त्यांना आम्ही दोन दिवस मागच्या इमारतीत ठेवलं होतं.

नोव्हेंबर दहावीच्या अर्जांत गेला. आवेदनपत्रं सरल या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीतून ऑनलाइन भरायची आणि आमच्याकडे रेंज मिळते ती टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. मी २३ मुलांची माहिती, आधार क्रमांक आणि फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आलापल्लीला गेले आणि तीन दिवस तिथेच राहिले. राहणं, जेवण, नेट कॅफे मिळून २,१०० रुपये खर्च झाला. पाच मुलांच्या आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नव्हतं. हे काम जुलैतच तपासून घ्या, नोव्हेंबरात दुरुस्तीला वेळ नसतो. आणखी एक: मुलांच्या साहित्याचे पैसे तेव्हा बँक खात्यात थेट जमा व्हायचे, पण आईबाप बँकेपर्यंत आले की त्या दिवशी नेमकी लिंक नसते. पंधरा-वीस किलोमीटर चालत आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जातो. दिवस ठरवण्याआधी बँकेत फोन करून विचारायचं, मगच गावात निरोप द्यायचा, असं आम्ही सुरू केलं.

डिसेंबरच्या सप्ताहात सहावीतल्या एका मुलीला ताप भरला. ४ तारखेची रात्र. आमच्याकडे मलेरियाच्या तपासणीचं किट असतं. चाचणी आली फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार. गोळ्या सुरू केल्या, पण पहाटे तिला झटके आले. १०८ ला फोन करायला एक सर टेकडीवर गेले. रुग्णवाहिका निघाली, पण मधल्या रस्त्यावर झाडं पाडलेली होती. सहा किलोमीटर अलीकडेच तिला थांबावं लागणार होतं. गावातले सहा जण आले. पलंगाला बांबू बांधून कावड केली, वर मच्छरदाणी टाकली, आणि आम्ही निघालो. आडवी झाडं ओलांडताना ते पलंग डोक्यावर घ्यायचे. मी बाजूनं चालत तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. दर थोड्या वेळानं मी तिला नावानं हाक मारायची. तिसऱ्या झाडानंतर तिनं पहिल्यांदा "ओ" दिली. ग्रामीण रुग्णालयात ती पाच दिवस होती. बरी झाली. त्यानंतर मी एक नियम केला: सप्ताह लागायच्या आदल्या दिवशी सगळ्या मुलांचा ताप बघायचा. कुणाचं अंग जरा जरी कोमट लागलं तरी रस्ता चालू आहे तोवरच त्याला आरोग्य केंद्रात पोचवायचं.

आता जानेवारीबद्दल.

२९ जानेवारी २०२० ची रात्र. वसतिगृहात २७४ मुलं होती. पावणेतीनच्या सुमाराला नाल्याच्या अंगानं आवाज आला. पहिल्यांदा फटाके वाटले, मग आवाज थांबेचना तेव्हा कळलं. मी आणि अधीक्षिका मुलींच्या खोल्यांत धावलो. सगळ्यांना पलंगावरून खाली घेतलं, खिडकीपासून लांब, भिंतीला लावून बसवलं. दिवा लावला नाही. टॉर्चवर रुमाल गुंडाळून डोकी मोजली. एकदा मोजली तर एक कमी, पुन्हा मोजली तर बरोबर. दुसरीतली एक मुलगी स्वतःचं जेवणाचं ताट छातीशी धरून बसली होती. ताट कुठून घेतलं, का घेतलं, तिलाही सांगता आलं नाही. मी ते काढून घ्यायला गेले तर तिनं आणखी घट्ट धरलं, म्हणून राहू दिलं. साडेतीनला आवाज थांबला. कुणी रडलं नाही. मला तेच जास्त लागलं. इतक्या मुली, आणि कुणालाच रडू येत नव्हतं.

पाच वाजता कामाठी विचारायला आले, "मॅडम, घंटा द्यायची का?" मी द्या म्हटलं.

उजाडायच्या आत फाटकाशी पालक जमायला लागले. शेजारच्या गावातला एक बाप म्हणाला, "घंटा ऐकली म्हणून श्वास घेतला. पण पोराला नेतो." फाटक बंद ठेवावं का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. बंद फाटक बघून लोकांनी कुंपण ओलांडलं असतं, आणि मग कोण कुणाला घेऊन गेलं ते कळलंच नसतं. मी फाटकात टेबल टाकलं आणि लांब पानांची एक कोरी वही घेतली. रकाने आखले: मुलाचं नाव, वर्ग, कोण नेतंय, नातं, गाव, वेळ, सही किंवा अंगठा. शेवटचा रकाना "परत कधी आणलं". कितीही गर्दी झाली तरी एका वेळी एकच मूल, आणि मुलाला विचारायचं, "हे तुझे कोण?" मुलानं ओळखलं तरच सोडायचं. एक माणूस दोन भावांना न्यायला आला होता, पण मुलं त्याच्याकडे बघून गप्प. मी नाही म्हटलं. तो रागावला. दुपारी गावपाटलांना घेऊन परत आला. आईचा मावसभाऊ निघाला, मुलांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याची मी माफी मागितली, पण आधी नाही म्हटल्याचं वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी चारपर्यंत १६५ मुलं गेली, १०९ उरली. जाणाऱ्यांच्या गाद्या आणि पेट्या आम्ही जागच्या जागी ठेवल्या. फक्त दहावीच्या मुलांच्या हातात पुस्तकं दिली. खाटेवर स्वतःची पेटी आहे हे मुलाला माहीत असलं की ते परत यायचं नाव काढतं. दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी पोलीस आले. मुलांना पालकांशिवाय काही विचारू नये अशी मी विनंती केली, तीही लेखी. त्यांनी ती मान्य केली. शाळा सुरू ठेवायची की बंद, हे मी टेकडीवरून फोन करून विचारलं. उत्तर आलं, परिस्थिती बघून ठरवा. मी बारावं पत्र लिहिलं नाही. त्या दिवशीच्या लॉगबुकात लिहिलं: "शाळा सुरू. उपस्थिती १०९."

पाच दिवस मी कुणालाही बोलवायला गेले नाही. लोकांच्या मनातली भीती ओसरायच्या आत गेलो तर ती आपल्याच अंगावर येते. सहाव्या दिवशी नऊ किलोमीटरवरच्या गावात गेले, कारण तिथली दहावीची चार मुलं होती आणि तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक जागेत, माणसं जमली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका म्हाताऱ्या बाईंनी माडियात विचारलं, कामाठी बाईंनी मला सांगितलं: "त्या रात्री तू कुठं होतीस, विचारतात." मी म्हटलं, मुलींबरोबर जमिनीवर. बाईंनी त्यांच्या नातीकडे पाहिलं. ती नववीत होती. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या गावची अकरा मुलं आली. त्यात ती नात होती.

फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत १७ सोडून सगळी परत आली. प्रत्येकाच्या नावापुढचा शेवटचा रकाना मी स्वतः भरत होते. ती १७ मुलं दोन गावांतली होती, तिथे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी एका बापानं माझ्यासमोर चुलीवरची पेज ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी." त्यावर काय बोलणार?

३ मार्चला दहावीची परीक्षा सुरू झाली. केंद्र २६ किलोमीटरवर. रोज ये-जा करण्यात धोका होता, म्हणून २ तारखेलाच २३ मुलांना गाडी करून केंद्राच्या शाळेत नेलं. गाडीचे ३,८०० रुपये, आणि तीन आठवड्यांचा तांदूळ, तेल, डाळ बरोबर. माझी सगळी भीती बंदची आणि रस्त्याची होती. आला मात्र दुसराच बंद. मार्चच्या मध्यावर वसतिगृहं रिकामी करायचा आदेश आला, कोरोनासाठी. खालच्या वर्गांची मुलं दोन दिवसांत घरी पोचवली. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलल्याचं २१ तारखेला कळलं. दहावीच्या मुलांना त्याच दिवशी गावोगाव सोडत गेलो, शेवटचा मुलगा रात्री नऊला उतरला. मुलं विचारत होती, "मॅडम, पुस्तकं परत द्यायची की ठेवायची?" ठेवा म्हटलं. एप्रिलमध्ये तो पेपर रद्द झाला.

२९ जुलै २०२० ला दुपारी एकला निकाल लागला. पुन्हा तोच सप्ताह, पुन्हा रस्ता बंद. मी मोहाच्या झाडाखाली छत्री धरून बसले होते, एकेक बैठक क्रमांक टाकत होते. दर निकालाला चार-पाच मिनिटं लागत होती. २३ पैकी २१ पास. दोघांचं गणित राहिलं. सगळे गुण वहीच्या पानावर उतरवून घेतले, गावानुसार सात चिठ्ठ्या केल्या आणि सप्ताह संपल्यावर सायकलवर जाणाऱ्या माणसांबरोबर पाठवल्या. राहिलेल्या दोघांकडे मात्र मी स्वतः गेले, पुरवणी परीक्षेचा अर्ज कुठे आणि कसा भरायचा ते लिहून घेऊन.

प्रभार सोपवताना या वेळी दोनच दिवस लागले. नवे मुख्याध्यापक एकेक वस्तू मोजून यादीवर खूण करत होते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांना ती लांब पानांची वही दिसली. "ही कशाची? यादीत नाही." मी समजावून सांगितलं. त्यांनी पानं चाळली. जानेवारीच्या पानांवर १७ नावांपुढे शेवटचा रकाना कोरा आहे. त्यानंतर मार्चची पानं, त्यांवर २६९ नावं, आणि त्यांच्यापुढेही तो रकाना कोरा. त्यांनी पेन घेतलं, यादीच्या शेवटी नवा अनुक्रमांक टाकला आणि लिहिलं: "मुले नेण्या-आणण्याची वही, एक नग, चालू."